चांगादादाला काढायचं की ठेवायचं

चांगादादा गेल्याची बातमी मला आमच्या चाकांच्या शेडमध्ये कळली. बैलगाडीची चाकं करणं हा आमचा घरचा धंदा. त्या सकाळी आम्ही एका चाकावर धाव चढवत होतो. लोखंडाची ती गोल पट्टी भट्टीतून लालभडक होऊन येते, चौघं जण लांब चिमट्यांनी ती धरून लाकडावर बसवतात, घण पडायला लागतात, लाकूड पेटतं, डोळ्यांत धूर जातो. अशा वेळी कुणी हाक मारली तरी मान वळवायची नसते. दादाचा पुतण्या ओवे गावाहून आला होता. तो दाराशी उभा राहिला आणि चाकावर पाणी पडून वाफ विरेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "मधूकाका, दादा गेला. सकाली बांधावर गेला व्हता, तथंच बसला नि बसल्या बसल्या गेला..." मी हातातला घण खाली ठेवला. ज्या माणसाच्या पाठीवर माझ्या डोळ्यांदेखत मांडवाचे वासे मोडले, तो असा मुकाट्यानं, एक शब्द न काढता गेला हे मला कितीतरी वेळ खरंच वाटेना.

त्याला आता महिना होऊन गेला. पनवेलच्या ज्या मुलांनी त्याला शेवटच्या काही वर्षांतच पाहिलं, त्यांना तो वाकड्या हाताचा एक म्हातारा शेतकरी म्हणून माहीत आहे. काहींनी ऐकलंय की त्यानं कुठल्याशा सामन्यात दंगल घडवून आणली. काहींनी ऐकलंय की त्यानं आपला संघ बुडवला. मी त्या संघाचा कप्तान होतो आणि जे झालं ते मी हातभर अंतरावरून पाहिलं आहे, म्हणून लिहायला बसलो. 'चांगादादा आले, चांगादादा म्हणाले' असं लिहिणं मला जमणार नाही. समोर आम्ही त्याला अहो-जाहो करत असू, पण आपसांत तो आमचा 'दादा आला, दादा गेला' असाच होता.

दादा ओव्याचा. पावसाळ्यात भातशेती आणि उन्हाळ्यात मिठागरावर मजुरी. खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याच्या तळपायांना इतक्या भेगा पडल्या होत्या की ओल्या मैदानावर त्याचं पाऊल नुसत्या ठशावरून ओळखू यायचं. तरुणपणी तो ज्या काळात खेळला त्याला आम्ही आज कबड्डी म्हणू शकणार नाही. तो हुतूतू होता. पंच असला तर नावाचा. गावागावांतली भांडणं, बांधाच्या तक्रारी, लग्नात झालेले अपमान, सगळं त्या चार रेषांच्या आत येऊन फिटायचं. तळोज्याच्या एका सामन्यात त्याचे पुढचे दोन दात पडले. त्याच सामन्यात त्यानं ज्याचा घोटा धरला तो माणूस जन्मभर लंगडत राहिला. हे तो सांगायचा तेव्हा त्यात बढाई नसे आणि पश्चात्तापही नसे. पाऊस किती पडला ते सांगावं तसं सांगायचा.

स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांत पनवेलला आमच्या आळीनं संघ उभा केला. पकडी आम्ही एकमेकांच्या खांद्यांवर, गुडघ्यांवर शिकलो होतो, पण चढाई कुणालाच येत नव्हती. आमचा गडी समोरच्या अंगणात जायचा आणि तिकडेच राहायचा. म्हणून चढाई शिकवायला दादाला आणलं. तो रोज दुपारनंतर ओव्याहून चालत यायचा, तळ्याकाठच्या मैदानावर उकिडवा बसायचा आणि शेजारी काथ्याचा एक भिजवलेला दोर ठेवायचा. दम मध्येच तुटला की दोर पाठीवर. पाय चुकीच्या बाजूला पडला की दोर पोटरीवर. "आत जायला अक्कल लागत नाय," तो म्हणायचा, "भायेर याला लागते." आमच्यातला एक जण, चांगला तालमीतला, एकदा त्याच्यावर उलटा धावून गेला. दादानं त्याला खांद्यावरून असा आपटला की पोरगा तोंडातून फेस गाळत पडला. मग स्वतःच त्याच्या छातीवर पाणी मारून त्याला उठवलं आणि परत चढाईला पाठवलं. आम्ही त्याला भीत होतो. पण दोन वर्षांत आम्ही जिंकायला लागलो, आणि जिंकणाऱ्या माणसाला पाठीवरचे वळ मिरवावेसे वाटतात.

जिंकायला लागलो ते मुख्यतः वामनमुळे. वामन भाताच्या गिरणीत कामाला होता. बाप नव्हता, घरात आई आणि तो. अंगानं किडकिडीत, हात मात्र गुडघ्यापर्यंत पोचावेत असे लांब. तो दम घ्यायचा तो असा की समोरच्या संघाचे सातही जण त्याच्याभोवती फिरून दमायचे आणि हा अजून पुटपुटतोच आहे. चार गड्यांनी धरला तरी अंगाखालून वाळू सरकावी तसा सरकत मधल्या रेषेला बोट लावायचा, आणि ज्यांनी ज्यांनी त्याला धरलं ते सगळे बाद. दादा सगळ्यांत जास्त मारायचा तो वामनला. आणि सामना संपला की सगळ्यांत आधी त्याच्याच घामेजल्या डोक्यावर हात ठेवायचा.

मग आमचा उतार सुरू झाला. त्या मोसमात दादानं अचानक शिकवणं बदललं. वामननं खोल जायचं नाही, कडेच्या गड्याला हात लावायचा आणि परत यायचं. लागला हात तर ठीक, नाही तर तसंच परत. कारण विचारलं तर दादा दोर उचलायचा. दोन-तीन सामन्यांत समोरच्यांच्या हे लक्षात आलं. वामन आला की ते मागे सरकून उभे राहायचे, हसायचे, आणि तो रिकाम्या हातानं परत गेला की सगळा राग आमच्या दुसऱ्या गड्यांवर काढायचे. उरणला आम्ही असे हरलो की परतताना गाडीत कुणी बसू शकत नव्हतं, सगळे आडवे. पेणला आमच्या डाव्या कोपऱ्याच्या गड्याचा गुडघा मागच्या बाजूला दुमडला. त्याचा तो आवाज... ओली फांदी मोडावी तसा. खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या संघात जनार्दन नावाचा एक होडीवाला होता, सगळे त्याला जान्या म्हणत. मानेचा घेर आणि मांडीचा घेर सारखाच असा माणूस. त्यानं आमच्या एका गड्याला कमरेत धरून उचलला आणि तोंडावर टाकला. चुन्याच्या पांढऱ्या रेषेवर रक्त आणि दात पडले. त्यात जान्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्हीही तेच करत होतो, फक्त त्या वर्षी आम्हाला ते जमत नव्हतं.

याच दिवसांतली एक गोष्ट माझ्या मनात फार राहिली होती. सरावानंतर तहान लागली होती, वामनच्या शेजारी त्याचा तांब्या होता, मी तो उचलून तोंडाला लावला. दादा कुठून आला कळलं नाही. त्यानं माझ्या कानाखाली अशी लगावली की तांब्या लांब उडाला आणि माझ्या कानातून रक्त आलं. मी कप्तान, सगळ्यांसमोर. कारण काय, तर दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणी प्यालो. त्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं.

त्यामुळे मंडळाची बैठक बसली तेव्हा माझ्या मनात काय होतं ते कुणालाही कळावं. आमचे अध्यक्ष अण्णा, त्यांच्या भुसाराच्या दुकानामागच्या पडवीत आम्ही सगळे पोत्यांवर बसलो होतो. प्रश्न एकच होता, चांगादादाला काढायचं की ठेवायचं. अण्णा म्हणाले की म्हाताऱ्याची हिंमत संपली आहे, मार खाऊन पोरांची हाडं मोडताहेत आणि हा हात लावून परत या म्हणतो. तळोज्याचा एक पैलवान यायला तयार होता. तो म्हणे चढाई आणि पकड दोन्ही शिकवतो, आणि आपल्या संघाचं रक्त सांडू देत नाही, समोरच्याचं सांडतो. एक-दोघांनी दादाची बाजू घेतली. हरायला लागलं की उस्ताद बदलायचा ही सवय वाईट, ज्यानं उभं केलं त्याला एक मोसम तरी द्यावा. मी म्हणालो की मला मोसम द्यायला हरकत नाही, मला फक्त कारण हवंय. ज्या गड्यानं आम्हाला जिंकवलं त्याचे पाय दादानं का बांधून ठेवलेत, एवढं त्यानं सांगावं. आजही मला वाटतं की आम्हाला तेव्हा जे माहीत होतं त्यावरून दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं.

बोलता बोलता दादाच दारात येऊन उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. अण्णांनी त्याला सरळच विचारलं. तो म्हणाला, "कारन हाय. पन ते मी सांगाचा नाय." अण्णा म्हणाले, मग आमचा नाइलाज आहे. पनवेलला आपल्याच मैदानावर सामने भरणार होते. त्यात अंतिम सामन्यापर्यंत पोचलो नाही तर दादाला निरोप द्यायचा असं ठरलं. दादा "बरा हाय" म्हणाला आणि निघाला. वामन दाराजवळच्या पोत्यावर बसला होता. दादाच्या मागोमाग तो उठला, तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झालेला मी पाहिला. मला वाटलं, गुरूचा अपमान त्याला लागला असावा.

उपांत्य सामना खाडीपलीकडच्यांशीच पडला. तिसऱ्या प्रहरी मैदानाच्या चारी बाजूंना माणूस दाटलं होतं. त्यांच्या होड्याच्या होड्या भरून लोक आले होते, आमच्याकडून आळीच नव्हे तर सुकापूरपासूनचे लोक. दोन्हीकडे काठ्या होत्या, त्या काळी असायच्याच. पंचांनी काठ्या खाली ठेवायला सांगितल्या, लोकांनी त्या पायाखाली ठेवल्या. पहिल्या काही मिनिटांतच माझ्या भुवईची कातडी फाटली आणि डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. त्यांच्या एका गड्याचं बोट आमच्या पकडीत उलटं झालं. तो ते दुसऱ्या हातानं सरळ करून परत उभा राहिला. लोक ओरडत होते ते शब्द नव्हते, नुसता आवाज होता. अर्धा खेळ झाला तेव्हा आम्ही मागे होतो आणि वामन दोरी बांधल्यासारखा आत-बाहेर करत होता. हात लाव, परत ये. हात लाव, परत ये. दादा रेषेबाहेर उकिडवा बसून त्याच्याकडे एकटक बघत होता.

शेवटाकडे आमचे मोजके गडी उरले. वामन चढाईला निघाला. मधली रेषा ओलांडण्याआधी तो थांबला आणि त्यानं मागे वळून दादाकडे पाहिलं. दादा अर्धवट उठला. त्याच्या लक्षात आलं असावं. तो एवढंच म्हणाला, "वामन, नको." वामननं दम घेतला आणि सरळ आत शिरला. जुना वामन. कडेचा गडी त्यानं पायानं टिपला, वळला, दुसऱ्याच्या छातीला हात लावला, आणि मग जान्यानं त्याला मागून कमरेत धरला. त्याच्यावर आणखी तिघे पडले, आधी टिपलेले दोघंही त्यांतच. ढिगाखालून फक्त त्याचा आवाज येत होता, कबड्डी, कबड्डी, कबड्डी, एकसारखा, कापडातून गाळून यावा तसा. ढीग रेषेकडे सरकायला लागला. जान्याचा गुडघा त्याच्या पाठीत होता. एक हात बाहेर आला, वाळूत बोटं रुतली, हात पुढे आला, पुन्हा रुतली. आवाज चालूच होता. आणि त्या लांब बोटांनी रेषा गाठली.

पंचाची शिट्टी झाली. चार गडी बाद. आम्ही उड्या मारत त्याच्याकडे धावलो. जान्या आणि बाकीचे उठून बाजूला झाले. वामन हातांवर उठला, आमच्याकडे बघून त्यानं तोंड उघडलं आणि तोंडातून रक्ताची चूळ बाहेर पडली. मग दुसरी. लालभडक, फेसाळ. त्याच्या छातीवरून वाहून ते वाळूत गेलं.

"मारला!" आमच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं. "जान्यानं त्याला मारला!"

त्यानंतर जे झालं ते फार लवकर झालं. पायाखालच्या काठ्या वर आल्या. मांडवाचे वासे उपटले गेले, मांडव एका बाजूनं खाली बसला. आमचे लोक मैदानात शिरले, त्यांचे लोक शिरले. मी एका माणसाचा जबडा फुटताना पाहिला, एका म्हाताऱ्याला तुडवताना पाहिलं. माझ्या हातातही काठी होती. ती माझ्या हातात कुठून आली ते मला आठवत नाही. जान्याच्या कपाळावर वाशाचा पहिला घाव बसला तेव्हा तो पडला नाही, नुसता आश्चर्यानं बघत राहिला. दुसऱ्या घावाला तो गुडघ्यांवर आला, तिसऱ्याला आडवा झाला. दहा-बारा जण त्याच्याभोवती गोळा झाले. ते त्याला मारायला नव्हे, संपवायला आले होते. त्यातले बहुतेक माझ्या ओळखीचे, दुकानदार, गाडीवान, माझ्या शेडमधला एक सुतार. सगळ्यांचे चेहरे सारखेच झाले होते.

तेव्हा दादा त्या घोळक्यात घुसला. त्यानं कुणाला मारलं नाही, कुणाला ढकललंही नाही. तो जान्याच्या अंगावर पालथा पडला, दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकलं आणि त्याला घट्ट धरून ठेवलं. वासे त्याच्या पाठीवर पडायला लागले. एक मोडला, दुसरा मोडला. डाव्या हाताची हाडं तुटली तो आवाज मला पेणच्या गुडघ्यासारखाच ऐकू आला. तो ओरडत होता, पण वेदनेनं नव्हे. आधी शब्द कळत नव्हते. मग कळले.

"त्याला कोनी मारला नाय! त्याचे छातीत रोग हाय! क्षय हाय त्याला, क्षय! मना म्हाईत व्हता!"

तो ते पुन्हा पुन्हा ओरडत राहिला, शेवटी आवाज फाटला तरी. वर उचललेले वासे हळूहळू खाली आले. शेजारच्यानं शेजारच्याला थांबवलं. तो एक शब्द गर्दीतून मागे मागे पसरत गेला, आणि जिथे जिथे पोचला तिथे माणसं गप्प झाली. मग मी एक गोष्ट पाहिली ती मला त्या सगळ्या रक्तापेक्षा भयंकर वाटली. वामन मैदानाच्या मधोमध रेषेवर बसला होता. त्याच्यासाठी ज्यांनी क्षणापूर्वी एका माणसाला ठार केलं असतं ते लोक त्याच्यापासून मागे सरकायला लागले. पाठमोरे नव्हेत, तोंड त्याच्याकडेच ठेवून, एक-एक पाऊल. त्याच्याभोवती मोकळ्या वाळूचं रिंगण मोठं मोठं होत गेलं. कुणी तोंडाला उपरणं लावलं. वामन एकदा सगळ्यांकडे पाहत होता, एकदा दादाकडे. दादाकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी इथे लिहू शकणार नाही.

दादा जान्याच्या अंगावरून उठला. त्याचा डावा हात कोपराखाली भलत्याच दिशेला लोंबत होता. त्यानं मला पाहिलं आणि सरावात म्हणायचा त्याच आवाजात म्हणाला, "मधू, बघतोस काय? धर त्याला." मी काठी टाकली. वामनच्या काखेत हात घालून त्याला उचलला. आणखी एक गडी पुढे आला, त्यानं पाय धरले. बाकीच्यांनी वाट करून दिली, फार रुंद वाट. आम्ही त्याला आणि जान्याला एकाच बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. गाडीत दोघं शेजारी शेजारी, दोघांचं रक्त एकत्र होत होतं. दादा आपला हात पोटाशी धरून गाडीमागून चालत आला.

सगळं मला नंतर दादाकडूनच कळलं, ओव्याला त्याच्या घरी, हात फळ्यांत बांधलेला असताना. मोसमाच्या सुरुवातीलाच सरावानंतर वामन तळ्याकाठच्या देवळामागे खोकताना त्याला दिसला होता. वाळूत रक्त होतं. दादानं त्याला गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं रोग सांगितला आणि खेळ बंद करायला सांगितलं. वामननं दादाचे पाय धरले. गिरणीत कळलं तर काम जाईल, आळीत कळलं तर आईला पाणी भरू देणार नाहीत. एवढा मोसम काढू द्या, चार पैसे गाठीला बांधून मग मी औषधाला जातो. दादानं त्याला शब्द दिला. म्हणून त्या लहान चढाया, दम पुरेल एवढ्याच. म्हणून तो तांब्या आणि माझ्या कानाखालची ती थप्पड. आणि बैठकीत जेव्हा वामनला कळलं की आपल्यापायी दादाला काढताहेत, तेव्हा त्यानं ठरवलं की दादासाठी हा सामना तरी जिंकायचा.

मी दादाला विचारलं, की तुम्ही त्याला संघातून काढायला नको होतं का? तो म्हणाला, "काढाला पायजे व्हता. पन तो बोलला, दादा, मना खेळातना काढला त मी भिंतीकडं तोंड करून मरन... मना त्याची भीती वाटली, मधू. आख्या जन्मात कोनाची वाटली नाय."

सामना दंगलीत मोडला तो मोडलाच, मग मंडळाची दुसरी बैठक बसली. या वेळी फार बोलणं झालंच नाही. दादा आजारी गड्याला आमच्यात खेळवत राहिला, आमच्या घरांत लहान पोरं होती, हे खरंच होतं. त्यानं एका माणसाचा जीव वाचवला हेही खरं होतं. यातल्या एका खऱ्यानं दुसरं खरं खोटं होत नाही, हे आमच्यातल्या कुणाला बोलून दाखवता आलं नाही. दादाला काढलं. निरोप द्यायला मीच गेलो. तो म्हणाला, नवा उस्ताद पोरांना मारतो का ते बघ, मारत नसला तर त्यांचं काही खरं नाही. तळोज्याचा पैलवान आला, आम्ही एक-दोन ढाली जिंकल्या, मग गडी लग्नं करून पांगले आणि संघ संपला. कोणता उस्ताद बरा होता याचा निकाल कधी लागलाच नाही.

जान्या जगला. त्याच्या कपाळात अंगठा मावेल एवढी खोक राहिली आणि तो पुन्हा खेळला नाही. पण दरवर्षी मे महिन्यात तो सुक्या बोंबलांची एक पाटी घेऊन ओव्याला यायचा, दादाच्या ओटीवर जेवायचा आणि जायचा. त्या दिवसाचा विषय दोघांनी कधी काढला नाही म्हणे. दादाच्या तिरडीला पुढून खांदा त्यानंच दिला.

वामनची नोकरी गेली. आळीनं त्याच्या घराकडे पाठ फिरवली, अगदी त्याला भीती होती तशीच. अण्णांनी खटपट करून त्याला लांबच्या आरोग्यधामात पाठवलं, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. नवी इंजेक्शनं आली होती, ती त्याला लागू पडली. तो बरा होऊन परत आला तोवर आई गेली होती. त्यानं स्टँडजवळ सायकलींचं दुकान टाकलं. मी त्याच्याकडे जायचो, तो माझ्याशी बोलायचा, पण दादाचं नाव काढलं की पंक्चरच्या टबात हात घालून ट्यूब फिरवत राहायचा. एकदाच म्हणाला, "त्यानं जान्याला वाचवलं. मला वाचवलं नाही. मला चारचौघांत नागडा केला." मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की तेव्हा दुसरं काय करता आलं असतं. तो म्हणाला, ते मला माहीत आहे. माहीत असून काय होतं?

गेल्या रविवारी मी ओव्याला गेलो होतो. दादाची बायको, तिला आम्ही सगळे वैनी म्हणतो, ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती मला इतक्या वर्षांत दादानं सांगितली नव्हती. वामन परत आल्यापासून दर रविवारी सकाळी बांधावरच्या रस्त्यानं सायकलवरून जायचा. थांबायचा नाही, घराकडे बघायचा नाही. फक्त घरासमोर आला की घंटी वाजवायचा, एकदाच. दादा त्याच्या आधीपासून बांधावर जाऊन बसलेला असायचा. घंटी वाजली की तो आपला वाकडा हात वर करायचा, जेवढा वर जायचा तेवढा. झालं. पावसापाण्यातसुद्धा. दादा गेला त्या सकाळी तो त्यासाठीच बांधावर गेला होता.

"यवडी वर्सा," वैनी म्हणाली, "नि एक सबुद नाय."

मी विचारलं, आता? ती म्हणाली की आताही घंटी वाजते. दर रविवारी. ती आतूनच ऐकते.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात ती वाजली. वैनीनं सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि अंगण ओलांडून बांधावर गेली. मी ओटीवरून पाहत होतो. वामन घर मागे टाकून पुढे चालला होता. तिनं हाक मारली, मोठ्यानं नव्हे. "वामन, आता हात वर कराला कोनी नाय. आत ये."

सायकल थोडी पुढे गेली. मग थांबली. त्यानं ती बांधाला टेकवली आणि तो चालत आला, मान खाली घालून. मला पाहून त्याला नवल वाटलं नाही. तो ओटीच्या कडेवर माझ्या शेजारी बसला. त्याला धाप लागली होती. चढावावर सायकल मारली की त्याला अजून लागते. छाती वरखाली होत होती आणि आत कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती. वैनी त्याच्या समोर बसली. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत आम्ही दोघं थांबलो.